जुन्या विमानाची वही

२०२५ सालाच्या अखेरीस एक बातमी आली आणि दोन दिवस हसण्यावारी जाऊन विसरलीही गेली. एअर इंडियाचं एक बोइंग ७३७-२०० कोलकाता विमानतळाच्या कोपऱ्यात तेरा वर्षं उभं होतं आणि ते आपलं आहे, हेच कंपनीच्या ध्यानात राहिलं नव्हतं. इंडियन एअरलाइन्स, मग अलायन्स एअर, मग टपाल खात्याची मालवाहतूक अशा पायऱ्या उतरत ते २०१२ मध्ये उड्डाणातून निघालं आणि विलीनीकरण-खाजगीकरणाच्या धांदलीत मालमत्तेच्या यादीतूनही गळलं. शंभर फूट लांबीचं धूड कुणी विसरतं कसं, असा प्रश्न सगळ्यांनी विचारला. हँगरमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला तो प्रश्न पडणार नाही. उडणारं विमान विसरता येत नाही, कारण रोज कुणीतरी त्याच्या वहीत काहीतरी लिहीत असतं. वही बंद झाली की उरतो तो पत्रा, आणि पत्रा कुणीही विसरेल.

जुन्या प्रवासी विमानांच्या तपासण्या आणि त्यांच्या देखभालीच्या नोंदी हा या पुस्तकाचा विषय. तो रुक्ष आहे हे आधीच कबूल करतो. यात शूर वैमानिक क्वचित भेटतात. भेटतात ते रात्रपाळीचे इंजिनिअर, रिव्हेटच्या रांगा, तारखांचे रकाने आणि सह्या. तरीही हा विषय सामान्य वाचकापर्यंत पोचावा असं वाटतं, कारण जुन्या विमानाबद्दल आपल्या मनात जी भीती असते ती बहुतेकदा चुकीच्या जागी असते. आसनाचं कापड विटलेलं, वरचा कप्पा खडखडतोय, खिडकीच्या काचेवर ओरखडे, म्हणजे विमान म्हातारं आणि म्हणून धोक्याचं, असा आपला हिशेब. १७ जुलै २००० रोजी पाटण्याला अलायन्स एअरचं ७३७-२०० घरांवर कोसळलं. ते वीस वर्षांचं होतं, आणि भंगार विमानं उडवतात म्हणून देशभर संताप उसळला. चौकशीत निघालं ते वेगळंच: उतरताना विमान हाताळण्यात वैमानिकांची चूक झाली होती. विमानाच्या वयाचा त्यात हात नव्हता. उलट पुढे ज्या अपघातांविषयी लिहिलं आहे, त्यांतल्या विमानांत बसताना बहुतेक प्रवाशांना काही खटकलंही नसेल.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की विमानाचं वय त्याच्या जन्मतारखेवरून कळत नाही. वय मोजायला किमान तीन घड्याळं लागतात, ती एकाच गतीने चालत नाहीत, आणि कोणत्या विमानासाठी कोणतं घड्याळ पाहायचं हे वही सांगते. वही चुकीच्या घड्याळावर लावलेली असेल, किंवा वहीत एक आणि पत्र्यात दुसरंच असेल, तर प्रामाणिक, कसबी माणसांनी वेळेवर केलेली तपासणीसुद्धा फुकट जाते.

पहिलं घड्याळ उड्डाणाच्या तासांचं. इंजिनाचे अनेक भाग, पंप, जनरेटर हे चालण्याने झिजतात, म्हणून त्यांना तासांचा हिशेब. दुसरं घड्याळ फेऱ्यांचं. हँगरच्या भाषेत सायकल. एकदा उडालं, एकदा उतरलं, की एक सायकल. आकाशात वर गेल्यावर बाहेरची हवा विरळ होते, आत मात्र माणसांना श्वास घेता यावा म्हणून दाब राखावा लागतो, आणि विमानाचं नळकांडं आतून फुगतं. जेट विमान पूर्ण उंचीवर असताना आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक दर चौरस मीटर पत्र्यावर पाच टनांहून अधिक भार टाकतो. खाली उतरलं की तो भार जातो. हे फुगणं-आकसणं विमान बारा तास उडालं तरी एकदाच होतं आणि वीस मिनिटं उडालं तरी एकदाच. पोलादाला विशिष्ट मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी तो सोसतो; अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी अभयाची मर्यादा नाही. पुरेशा वेळा ताण द्या, कुठेतरी चीर सुरू होतेच. तिसरं घड्याळ साध्या कॅलेंडरचं. गंज तास मोजत नाही आणि फेऱ्याही मोजत नाही. विमान उभं असलं तरी गंजतं, किंबहुना दमट किनाऱ्यावर उभं असलं तर जास्तच. अ‍ॅल्युमिनियमचा गंज तांबूस नसतो; पांढरट भुकटी दिसते, पत्र्याचे थर सुटू लागतात, रिव्हेटभोवती फुगवटा येतो. प्रवाशांना कधी दिसत नाही अशी जागा म्हणजे स्वयंपाकघर आणि शौचालय यांच्या खालच्या तुळया. वर्षानुवर्षं सांडलेला चहा, फळांचा रस आणि त्याहून वाईट द्रवपदार्थ तिथे झिरपत राहतात. मोठ्या तपासणीत पहिल्यांदा तिथली जमीन उचकटतात.

धातूचा थकवा म्हणजे काय हे जेट युगाने शिकलं ते कॉमेट विमानांच्या मोबदल्यात. १९५४ च्या जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सच्या दक्षिणेला अशी दोन ब्रिटिश कॉमेट आकाशातच फुटली. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या संशोधकांनी एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवून त्याच्या आत पाण्याचा दाब भरला-सोडला, भरला-सोडला. आधीची खरी उड्डाणं धरून ३,०५७ व्या फेरीला त्याचा सांगाडा फाटला. ही विमानं म्हातारी नव्हती, पार कोवळी होती, हे लक्षात ठेवण्यासारखं. मात्र कॉमेटची गोष्ट आराखड्याची आहे, नोंदींची नाही. म्हणून इथे तिच्यावर जास्त रेंगाळत नाही.

रेंगाळायचं आहे ते हवाई बेटांवर. २८ एप्रिल १९८८, अलोहा एअरलाइन्सचं उड्डाण २४३, बोइंग ७३७, हिलोहून होनोलुलूकडे. २४ हजार फुटांवर पोचताच पुढच्या दारामागचा सुमारे १८ फूट लांबीचा छताचा भाग क्षणात उडून गेला. पाचव्या रांगेजवळ उभ्या असलेल्या विमानसेविका क्लॅराबेल लॅन्सिंग बाहेर फेकल्या गेल्या. त्यांचा देह सापडला नाही. कॅप्टन रॉबर्ट शॉर्न्स्टाइमर आणि फर्स्ट ऑफिसर मॅडेलीन टॉम्पकिन्स यांनी ते उघडं विमान तेरा मिनिटांत माउई बेटावरच्या काहुलुईला उतरवलं. विमानातल्या ९५ पैकी ९४ जण वाचले. माहितीपटांमुळे एवढं पुष्कळांना ठाऊक असतं.

वहीत काय होतं ते कमी जणांना ठाऊक असतं, आणि खरी गोष्ट तिथे आहे. विमान १९६९ सालचं. उडालेले तास ३५,४९६. बोइंगने ७३७ चं आयुष्य कल्पिलं होतं ५१ हजार तास आणि ७५ हजार उड्डाणं. तासांचा रकाना पाहिला तर या विमानाचं बरंच आयुष्य शिल्लक होतं. शेजारचा रकाना पाहिला तर उड्डाणं ८९,६८०. बेटांमधल्या या फेऱ्या सरासरी २४ मिनिटांच्या; एक तास उडायला विमान अडीच वेळा फुगत-आकसत होतं. त्या वेळी जगात उडणाऱ्या ७३७ मध्ये फेऱ्यांच्या हिशेबाने याचा नंबर दुसरा होता.

आता मोठ्या तपासणीचं वेळापत्रक पाहा. बोइंगची शिफारस दर २० हजार तासांची होती. अलोहाने १५ हजार तास ठरवले होते. कागदावर अलोहा अधिक काटेकोर. पण बोइंगने धरलेल्या सरासरीने २० हजार तासांत साधारण २९ हजार उड्डाणं होतात, आणि अलोहाच्या गतीने १५ हजार तासांत जवळपास ३८ हजार. जास्त कडक दिसणारा नियम प्रत्यक्षात बराच सैल होता. कुणी काही लपवलं नव्हतं. दोन्ही आकडे वहीत होते. तपासणीचं घड्याळ मात्र तासांवर लावलेलं होतं. शिवाय ही मोठी तपासणी सलग न करता लहान लहान तुकड्यांत, विमान रात्री मोकळं असेल तेव्हा उरकली जात होती. म्हणजे अख्खं विमान उघडं करून एकाच माणसाने एकाच नजरेखालून घातलं, असा प्रसंगच येत नव्हता.

पत्र्याचं झालं ते असं. सुरुवातीच्या ७३७ मध्ये दोन पत्र्यांच्या कडा एकमेकांवर चढवून मध्ये डिंकाचं कापड घालून चिकटवत आणि वर रिव्हेटच्या तीन रांगा मारत. भार डिंकाने वाहायचा, अशी मूळ कल्पना. डिंक नीट धरला नाही, सांध्यात खारी दमट हवा शिरली, गंजाने पत्रे एकमेकांपासून सुटू लागले आणि डिंकाचा भार रिव्हेटवर आला. रिव्हेटचं डोकं सपाट बसावं म्हणून भोकाची कड तिरकी कापलेली होती, इतकी की खाली सुरीच्या पात्यासारखी धार उरली होती. त्या धारेपासून चिरा सुटल्या. एका भोकाजवळची चीर क्षुल्लक, शेजारच्या भोकाजवळही तशीच, त्याच्या शेजारीही. मोठी चीर पडली तरी पत्रा ठरावीक चौकटीत फाटून थांबेल, असा आराखड्याचा भरवसा होता. एका ओळीत पन्नास लहान चिरा असतील तर काय, हा विचार त्यात नव्हता. त्या चिरा एकमेकींना मिळाल्या आणि पत्रा शिवणीतून उसवला.

धोक्याची कल्पना कुणालाच नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. बोइंगने या सांध्यांबद्दल कंपन्यांना पत्रकं पाठवली होती, आणि १९८७ मध्ये एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने तपासणी सक्तीचीही केली. पण सक्ती फक्त छताजवळच्या एका सांध्याच्या जोडीपुरती, हँगरच्या भाषेत एस-४, डावा आणि उजवा. बाकीचे सांधे कंपनीच्या मर्जीवर राहिले. अलोहाचं छत फाटायला सुरुवात झाली ती एस-१० डावा या सांध्यात. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी संस्थेने कंपनीच्या देखभालीवर ठपका ठेवला तसा एफएएच्या या आखडत्या हातावरही ठेवला. त्या अहवालातला मला सर्वांत वाचनीय वाटलेला भाग मात्र तपासनिसाबद्दलचा आहे. रात्रीची वेळ, उंचावरची जागा, हातात टॉर्च, समोर शेकडो एकसारखे रिव्हेट, आणि त्यांतल्या बहुतेकांत काहीही सापडणार नाही हा अनुभव. मन लावून पाहणं ही गोष्ट आदेशाने होत नाही, हे त्यावरून कळतं. हिलोला विमानात चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळच्या पत्र्यात चीर दिसली होती. त्या कुणाला बोलल्या नाहीत. आपण तरी बोललो असतो का?

अलोहानंतर अमेरिकेत जे घडलं त्यावर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरणं आहेत. इथे नुसता माग ठेवतो. त्याच वर्षी जूनमध्ये म्हाताऱ्या विमानांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, १९९१ मध्ये कायदा झाला, गंजाविरुद्धचा वेगळा कार्यक्रम प्रत्येक जुन्या प्रकारच्या विमानाला लागू झाला. पुढे असा नियम आला की चौदा वर्षं पूर्ण झालेल्या विमानाची आणि त्याच्या नोंदींची सरकारी निरीक्षकाने तपासणी करायची, आणि नंतर दर सात वर्षांच्या आत पुन्हा. विमान आणि नोंदी, दोन्ही, असं नियमातच लिहिलेलं आहे. २०१० च्या नियमाने तर उत्पादकांना सांगायला लावलं की अमुक फेऱ्या किंवा तासांपलीकडे आमचा अभ्यास या विमानाची हमी देत नाही. त्यापुढे उडवायचं नाही.

इतकं झाल्यावर २५ मे २००२ उजाडला. चायना एअरलाइन्सचं उड्डाण ६११, बोइंग ७४७-२००, तैपेईहून हाँगकाँगकडे निघालं. वीसेक मिनिटांत, ३५ हजार फुटांच्या आसपास, पेंघू बेटांजवळ त्याचे आकाशातच तुकडे झाले. २२५ जण गेले. विमान २२ वर्षांचं होतं आणि विकलंही गेलं होतं. या फेरीनंतर ते दुसऱ्या कंपनीकडे जायचं होतं.

तैवानच्या तपास यंत्रणेला उत्तर सापडलं ते २२ वर्षांपूर्वीच्या दिवसात. ७ फेब्रुवारी १९८० रोजी हाँगकाँगच्या काइ टाक विमानतळावर उतरताना या विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती. आधी तात्पुरती आणि मे महिन्यात कायमची दुरुस्ती झाली. उत्पादकाचं पुस्तक सांगत होतं की ओरखडे ठरावीक खोलीपेक्षा जास्त असतील तर तेवढा पत्रा कापून काढा आणि मग जोडपत्रा, म्हणजे डब्लर, बसवा. प्रत्यक्षात ओरखडलेला पत्रा तसाच ठेवून वरून डब्लर ठोकला गेला, आणि तोही जितका पसरायला हवा तितका पसरलेला नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला नीट रिव्हेट मारलेला स्वच्छ डब्लर दिसे. आत, त्याच्या आडोशाला, ओरखड्यांच्या तळापासून चिरा वाढत राहिल्या. चीर पत्र्याच्या बाहेरच्या बाजूने सुरू झालेली असल्याने ती आरपार जाईपर्यंत आतूनही दिसायची सोय नव्हती. समुद्रातून काढलेल्या तुकड्यावर सुमारे १५ इंचांची आरपार चीर सापडली, आणि तिच्या दोन्ही अंगांना भोकाभोकाजवळच्या लहान चिरा.

नोंदींचा भाग इथे तीन पदरी आहे. पहिला: १९८० च्या त्या कायमच्या दुरुस्तीत नेमकं काय केलं, याचा तपशील वहीत नव्हता. शेपटी घासली आणि दुरुस्त केली, एवढं होतं. जो तपासनीस वीस वर्षांनी तिथे उभा राहिला त्याला डब्लरखाली काय आहे हे कळायचा मार्गच नव्हता. दुसरा: अलोहानंतर आलेल्या त्या गंजविरोधी कार्यक्रमातल्या २९ तपासण्या या विमानाच्या बाबतीत मुदत उलटून गेल्या होत्या. कारण ऐकण्यासारखं आहे. त्या तपासण्यांची मुदत कॅलेंडरची होती. कंपनीने त्यांची सांगड घातली होती तासांवर चालणाऱ्या नेहमीच्या तपासण्यांशी. विमान अपेक्षेपेक्षा कमी उडालं, तास हळू भरले, कॅलेंडर मात्र थांबलं नाही. अलोहात तासांच्या घड्याळाने फेऱ्या झाकल्या, इथे त्याच घड्याळाने वर्षं झाकली. तिसरा पदर सर्वांत बोचरा. जुन्या दुरुस्त्यांचं मूल्यमापन करण्याचा कार्यक्रम तोवर आलेला होता; ७४७ साठी त्याची मर्यादा २२ हजार फेऱ्या, आणि या विमानाच्या झाल्या होत्या २१,३९८. त्याची पूर्वतयारी म्हणून नोव्हेंबर २००१ मध्ये विमानावरच्या सगळ्या डब्लरचे फोटो काढले गेले. त्या फोटोंत शेपटीकडच्या डब्लरभोवती डाग स्पष्ट दिसतात. आतली हवा त्याखालून झिरपत असल्याची ती खूण असू शकते, असं तपासाने नंतर म्हटलं. फोटो काढणाऱ्याचं काम डब्लर मोजण्याचं होतं. डाग मोजायला कुणी सांगितलं नव्हतं. मूल्यमापन नोव्हेंबर २००२ साठी ठरलेलं होतं.

म्हणून तीन घड्याळांच्या जोडीला एक चौथंही धरायला हवं. प्रत्येक दुरुस्ती ज्या दिवशी होते त्या दिवशी तिचं स्वतःचं वय सुरू होतं. जपान एअरलाइन्सच्या उड्डाण १२३ ची दुरुस्ती जून १९७८ ची, ओसाकाला शेपटी घासल्यानंतरची. ती खुद्द बोइंगच्या पथकाने केली. मागच्या दाबभिंतीला अखंड जोडपट्टी लावायची, असा आराखडा होता. बसवली गेली दोन तुकड्यांत कापलेली. त्यामुळे दोन रांगांनी वाटून घ्यायचा भार रिव्हेटच्या एकाच रांगेवर पडला. वहीत दुरुस्ती पूर्ण, सही झालेली. सात वर्षांनी, १२ ऑगस्ट १९८५ ला, ती भिंत फुटली, शेपटीचा मोठा भाग आणि चारही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. वैमानिकांनी अर्ध्या तासाहून अधिक काळ विमान कसंबसं हवेत ठेवलं, शेवटी ते गुन्मा प्रांतातल्या डोंगरावर आदळलं. ५२४ पैकी ५२० माणसं गेली. एका विमानाच्या अपघातात इतके बळी त्याआधी कधी गेले नव्हते आणि नंतरही गेलेले नाहीत.

इथवर वाचून कुणाला वाटेल की दोष नेहमी विसरभोळेपणाचा किंवा अज्ञानाचा असतो. तसं म्हणणं फार उदार होईल. साउथवेस्ट एअरलाइन्सचं प्रकरण घ्या. जून २००६ ते मार्च २००७ या काळात या कंपनीच्या ४६ बोइंग ७३७ विमानांनी, सांगाड्याची सक्तीची तपासणी झालेली नसताना, ५९,७९१ उड्डाणं केली. चूक कंपनीच्याच लक्षात आली; मग विमानं थांबवायची, तर तीच विमानं आणखी १,४५१ वेळा उडवली गेली. नंतर तपासलं तेव्हा त्यांतल्या सहांमध्ये चिरा निघाल्या. हे बाहेर आलं ते एफएएच्याच दोन निरीक्षकांनी २००८ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर साक्ष दिल्यामुळे, आणि त्या साक्षीत निम्मा रोख आपल्या वरिष्ठांकडे होता, कंपनीशी फार सलगी केल्याबद्दल. दंड १०२ लाख डॉलरचा प्रस्तावित झाला, ७५ लाखांवर मिटला. वही इथे खोटी नव्हती. तिचं वाचन ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते सोयीने केलं.

खोट्या वह्यांचाही धंदा आहे. विमानाच्या महत्त्वाच्या भागांना जन्मापासूनचा माग लागतो; इंजिनातल्या फिरत्या चकतीसारख्या भागाचा तर कारखान्यातून निघाल्यापासूनचा प्रत्येक तास आणि प्रत्येक फेरी दाखवता आली पाहिजे. मध्ये एका वर्षाचा खंड पडला तर तो भाग दिसायला कितीही लखलखीत असो, त्याची किंमत भंगाराची. आपल्याकडे सातबाऱ्यावर फेरफार चढला नसेल तर डोळ्यांसमोरचं शेतही कुणाचं ते सांगता येत नाही. इथला व्यवहार त्याच जातीचा, फक्त तलाठ्याच्या जागी जगभरच्या नियामक संस्था. मग जिथे कागदाला एवढी किंमत, तिथे कागद बनवणारेही आलेच. २०२३ मध्ये लंडनमधल्या एओजी टेक्निक्स या कंपनीने सीएफएम५६ इंजिनांचे भाग बनावट प्रमाणपत्रांसह विकल्याचं उघड झालं. ७३७ आणि ए३२० विमानांना बसणारं हे जगातलं अत्यंत प्रचलित इंजिन; अनेक देशांतल्या कंपन्यांना आपली इंजिनं उघडून भाग बदलावे लागले. भाग वाईट होते की चांगले, हा प्रश्न दुय्यम ठरला. ते कुठून आले हे सांगता येत नव्हतं, एवढं पुरेसं होतं.

मुंबईच्या गो फर्स्ट या विमान कंपनीचं दिवाळं निघालं तेव्हा याच गोष्टीची दुसरी बाजू दिसली. विमानं भाड्याची होती. २०२३ च्या मे महिन्यात उड्डाणं थांबली, मालक आपली विमानं मागू लागले आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २६ एप्रिल २०२४ ला न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश डीजीसीएला, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाला, दिला. त्या सगळ्या झगड्यात विमानाबरोबर त्याची कागदपत्रंही मिळावीत, हा मालकांचा आग्रह सतत होता. वृत्तपत्रांना तो कायदेशीर किचकटपणा वाटला असावा. जो कुणी भाड्याचं विमान परत करताना सहा-सहा महिने खोक्यांतले कागद लावत बसला आहे, त्याला तो तसा वाटणार नाही. भाडेकरार संपताना विमान रंगवून, धुऊन दोन आठवड्यांत तयार होतं. वह्या तयार व्हायला फार वेळ लागतो.

आपल्याकडचा या कामाचा इतिहास लिहायला हवा तसा लिहिला गेलेला नाही, याची खंत इथे नोंदवतो. सांताक्रूझ-कलिन्याच्या हँगरांत एअर इंडियाच्या विमानांवर ज्यांनी हात काळे केले त्यांत मराठी माणसं पुष्कळ होती. आता नागपूरच्या मिहानमध्ये २०१५ पासून मोठा दुरुस्ती तळ उभा आहे. या मंडळींच्या आठवणी निघाल्या तर बहुतेक स्नॅगच्या असतात. वैमानिकाने टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या रोजच्या वहीत, लिहिलेला बिघाड म्हणजे स्नॅग. तो कुणी, कोणत्या पुस्तकातल्या कोणत्या कलमाप्रमाणे दूर केला हे खाली लिहून परवानाधारक इंजिनिअर सही करतो, आणि त्या सहीशिवाय विमान हलत नाही. सही करणाऱ्याचा परवाना पणाला लागलेला असतो. पहाटे पाचचं उड्डाण, साडेतीनला सापडलेली शंका, फोनवर वेळापत्रक सांभाळणारा माणूस. अशा वेळी 'नाही' म्हणणाऱ्या इंजिनिअरचं नाव कोणत्याही अहवालात येत नाही, कारण पुढे काही घडलेलं नसतं. अपघातांच्या अहवालांवर उभं राहिलेलं कोणतंही पुस्तक, हे धरून, या बाबतीत एकांगी असतं.

जुनी विमानं संपणार नाहीत. प्रवासी सेवेतून निघालेली मालवाहू होतात आणि आणखी वीस वर्षं उडतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिल इथे ३४ वर्षांचं एमडी-११ मालवाहू विमान उड्डाणाच्या क्षणी डावं इंजिन निखळून कोसळलं. प्राथमिक अहवालात इंजिनाला पंखाशी बांधणाऱ्या भागात थकव्याच्या चिरा सापडल्याचं म्हटलं आहे. त्या जागेची खास तपासणी ठरावीक फेऱ्यांनंतर करायची होती आणि तेवढ्या फेऱ्या अजून भरल्या नव्हत्या. वही वेळेवर होती. मुदत ठरवणाऱ्यांचा अंदाज बरोबर होता का, हा प्रश्न आता विचारला जाईल.

पुढच्या प्रकरणांत एडी करंट, अल्ट्रासाउंड, क्ष-किरण अशा तपासणीच्या पद्धती, सी-चेक आणि डी-चेक या मोठ्या तपासण्यांचं प्रत्यक्ष काम, भारतातले नियम आणि आयात विमानांवरच्या वयाच्या अटी सविस्तर येतात. ज्यांना तंत्राची सवय नाही त्यांनी ती प्रकरणं आधी चाळून सोडली तरी चालेल. पण चायना एअरलाइन्स ६११ चा मूळ अहवाल मिळवून तेवढा जरूर पाहा. निष्कर्षाची पानं नंतर वाचा. आधी ते नोव्हेंबर २००१ चे फोटो काढा, डब्लरभोवतीचे डाग स्वतः शोधा, आणि मग हे पुस्तक पहिल्या प्रकरणापासून सुरू करा.